भाड्याची खोली आणि नोंदलेला करार

कल्याण-नगर महामार्गावरच्या पिंपरी पेंढारमधून मुलंमुली शिक्षणाला, कामाला पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये जातात आणि पगाराचा मोठा वाटा खोलीभाड्यातच संपतो. शेजारी टॉवर उभे राहिले की जुन्या चाळीतली खोलीही महागते, मग बिऱ्हाड आणखी लांब हलवावं लागतं. मुंबईच्या गिरणगावानं हे फार सोसलंय. 1982 च्या गिरणी संपानंतर गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि कितीतरी कामगार कुटुंबं उपनगरांत पांगली.

भाव आपल्या हाती नाही, पण कागद आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी झाली नसेल आणि वाद उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणून मुलांनो, अनामत किती, भाडं वर्षाला किती वाढणार, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, हे करारात लिहूनच घ्या. आणि अनामत रोख देऊ नका, बँकेतून द्या.