जीपची जाळी मोजा

उमरी गावातल्या एखाद्या वाड्यात जुनी लष्करी जीप धूळ खात पडली असेल, तर दुरुस्तीआधी तिची ओळख पटवा. महिंद्रांनी मुंबईत १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली, म्हणून दिसायला सारख्या गाड्या पुष्कळ.

समोरच्या जाळीच्या फटी मोजा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या जीपला बहुधा नऊ, नागरी जीपला सात. फोर्डने बनवलेल्या जीपच्या नट-बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ अक्षर सापडते. भंगारातून सुटे भाग घेताना ते अक्षर निरखा. मूळ वीजयंत्रणा सहा व्होल्टची, त्यावर बारा व्होल्टचे बल्ब नीट पेटणार नाहीत.

रंग एकदम खरवडू नका. पाणकागदाने हळूहळू घासा. थराखाली जुने क्रमांक दिसू शकतात. आपल्या लष्कराच्या क्रमांकपाटीवर आधी वर टोक केलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे असतात. खऱ्या खुणा पाहायच्या तर अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय गाठा.

एक मात्र ध्यानात ठेवा: रस्त्यावरच्या खासगी गाडीला लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग देण्यास मोटार वाहन नियमांची मनाई आहे.