पुडीबरोबर दोन शब्द



मी पुष्कळ वर्षे सरकारी दवाखान्यात नर्स होते. आज मी तुम्हांला रोगाविषयी सांगणार नाही. दवाखान्यातल्या कामाविषयी सांगणार आहे.

पावसाळ्याचे दिवस होते. एक बाई जुलाब लागलेले मूल घेऊन आली. रांग पार दारापर्यंत गेलेली. केसपेपर लिहा, इंजेक्शन द्या, नोंदवही भरा, सारे माझ्याच अंगावर. मी तिच्या हातात जलसंजीवनीची पुडी ठेवली. "पाण्यातून पाज," म्हटले आणि पुढचा नंबर पुकारला.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. मूल अगदी मलूल झाले होते.

"पुडी कशात कालवलीस ग?"

"पेलाभर पाण्यात, नर्सबाई."

पुडी तर एक लिटर पाण्याची! इतके खारट पाणी मुलाला अपाय करते. मूल तालुक्याला न्यावे लागले. नशीब, ते वाचले.

चूक त्या आईची नव्हती. मीच तिला सांगितले नव्हते. मला ठाऊक नव्हते का? ठाऊक होते. पण समजावून सांगणे हे आमच्याकडे काम म्हणून धरलेच नव्हते. किती पुड्या वाटल्या, याचा रकाना वहीत होता. किती जणींना समजले, याचा नव्हता. ज्याचा हिशेब मागतात, तेच काम आधी होते.

मग आम्ही डॉक्टरांशी बोललो. पुड्यांचे टेबल वेगळे केले. त्यावर लिटरचे माप ठेवले. आळीपाळीने एकीने तिथे बसायचे, पुडी कालवून दाखवायची आणि आईकडून ते वदवून घ्यायचे. माणसे तीच, पगार तोच. फक्त कामाची मांडणी बदलली.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हेच मोठ्या प्रमाणावर केले. गावच्याच बायांना शिकवून तयार केले. ठरल्या दिवशी घरी जायचे, बाळाला तपासायचे, आईला समजावायचे आणि गरज पडली तर औषध द्यायचे, हेच त्यांचे काम. १९९९ साली त्याची माहिती छापून आली. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून देशभर आशाताईंना असेच दिवस नेमून दिले. दवाखान्यात बाळंतपण झाले तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी यायचे. दिवस ठरला, म्हणजे बोलायला सवड मिळते.

आता तुम्ही काय कराल? औषध हाती आले, की लगेच उठू नका. "कसे घ्यायचे? किती दिवस?" असे विचारा. ऐकलेले परत म्हणून दाखवा. आणि ग्रामसभेत एक मागणी जरूर करा: आमच्या दवाखान्यात औषध देणारे हात आहेत, तसे समजावून सांगणारे माणूसही नेमा.

पुडी तर हवीच. पण पुडीबरोबर दोन शब्दही हवेत.