माळ्यावरची बंदूक



दिवाळीची झाडलोट निघाली म्हणजे आपल्या खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत माळ्यावरून काय काय खाली येते! पितळी समया येतात, जुनी दप्तरे येतात. आणि एखाद्या घरी फडक्यात गुंडाळलेली ठासणीची बंदूकही येते. आजोबांनी रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घेतलेली. परवाना त्यांच्याच नावाचा, आणि त्यांना जाऊन आठ वर्षे झालेली.

अशा वेळी समजा, जुन्या वस्तूंचा एखादा शौकीन दारात आला. म्हणाला, "बापू, ही मला द्या, भिंतीवर लावीन. हे घ्या रोख पैसे." माणूस सभ्य दिसतो, पैशाचीही नड असते. द्यावी का बंदूक?

नाही, बापू. अजून नाही.

बंदुकीचा कायदा म्हटला की काही वडीलधाऱ्यांना इंग्रजांची आठवण होते, आणि ते खोटेही नाही. १८७८ चा कायदा लोकांना निःशस्त्र करणारा होता. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. परंतु आज चालतो तो आपल्याच संसदेने केलेला १९५९ चा शस्त्र कायदा. तो सर्वांना सारखा आहे.

हा कायदा काय सांगतो? पहिली गोष्ट, परवानेदार वारला की त्याची बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. जमा केली म्हणजे गमावली असे नव्हे. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो, किंवा हक्कदार माणसाला ती विकताही येते. आजोबा हयात असतील तर आणखी सोपे: वयाची ७० वर्षे झाली, किंवा बंदूक बाळगून २५ वर्षे झाली, की २०१६ च्या नियमांप्रमाणे वारसाच्या नावे परवाना मागता येतो.

दुसरी गोष्ट विक्रीची. परवान्याची बंदूक खाजगीरीत्या विकायची तर आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या अंमलदारांना लेखी कळवावे. त्यात घेणाऱ्याचे नाव व पत्ता द्यावा. मग निदान ४५ दिवस थांबावे. हे दिवस कशासाठी? घेणारा कोण आहे हे सरकारला पाहता यावे म्हणून. २१ वर्षांखालील मुलाला किंवा वेडसर माणसाला बंदूक देता येत नाही; मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यालाही कायद्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत देता येत नाही. आणि हे लक्षात ठेवा, घेणारा हक्कदार आहे की नाही याची खात्री न करता बंदूक हवाली करणे हा देणाऱ्याचाही गुन्हा आहे.

"पण ती तर मोडकी आहे," असे कोणी म्हणेल. मोडकी म्हणजे किती मोडकी? दुरुस्त करूनही जी उडणार नाही अशा जुन्या, पुराणवस्तू ठरणाऱ्या हत्याराला सूट आहे. लोहाराने चाप बसवला की जी उडेल, तिला नाही. हा निवाडा आपण घरात बसून करू नये, ठाण्यात विचारावा.

बिनपरवाना बंदूक बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर निदान २ वर्षे आणि जास्तीत जास्त ५ वर्षे कैद आहे. एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात; वारशाच्याही त्यातच धरतात. सातपुड्याच्या पायथ्याशी गावठी कट्ट्यांचे धंदे पकडले गेल्याच्या बातम्या आपण ऐकतो. आजोबांची बंदूक हातोहात फिरत कोणाच्या हाती पडेल, सांगता येते का? आणि तिने गुन्हा घडला तर शोध घेत पोलीस कोणाच्या दारी येतील?

गुरुजनांना एक विनंती. गावात अर्ज लिहायला माणसे तुमच्याकडेच येतात. हा अर्ज चार ओळींचा आहे. तो लिहून द्या, त्याची एक प्रत ठेवायला सांगा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका, असे बजावा.

बंदूक आजोबांची आठवण असेल. पण ती आपल्या हातून कोणाकडे जाते, याची जबाबदारी आपली आहे.