जुन्या गाडीचा उजेड कसा वाढवावा?

जुन्या गाडीचे हेडलाइट मंद वाटू लागले की आपण जास्त वॉटचा किंवा एलईडी बल्ब शोधतो. पण दोष अनेकदा बल्बचा नसून त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या विजेचा असतो. हॅलोजन बल्बला मिळणारं व्होल्टेज १० टक्के घटलं, तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून, बारीक आणि गंजलेल्या वायरींतून फिरून येतो. तिथेच व्होल्टेज कमी होतं. म्हणून आधी बॅटरीवरचं आणि चालू बल्बच्या सॉकेटवरचं व्होल्टेज मोजून घ्या. फरक मोठा असेल, तर रिले, योग्य फ्यूज आणि जाड वायर बसवून घ्या, अर्थिंगही साफ करा. मग नेहमीचा ६०/५५ वॉटचा एच-फोर बल्बही छान उजळतो.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? एलईडी कमी विजेत जास्त उजेड देतो. ते खरं आहे. पण हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. ती जागा जरा चुकली तरी झोत विस्कटतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला लांबचा रस्ता धड दिसत नाही. १००/९० वॉटचा बल्ब तर जुनी वायरिंग आणि सॉकेट तापवतो. त्यापेक्षा पिवळी पडलेली लेन्स पॉलिश करा, काळवंडलेला रिफ्लेक्टर बदला आणि शेवटी झोताची उंची नीट लावून घ्या. आपल्याला दिसणं आणि समोरच्याला न दिपवणं, दोन्ही साधलं तरच ती सुधारणा.