डॉक्टरकीचा फॉर्म आणि पणजोबांची नोंद

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



समितीने मला विषय दिला आहे, ‘आमची मुले आणि वैद्यकीय शिक्षण’. मी डॉक्टर नाही, मास्तरही नाही. गिरणीत तीन पाळ्यांत काम केलेला आणि रात्रशाळेत अक्षर गिरवलेला माणूस. पण आपल्या चाळीतल्या एका मुलीबरोबर दोन वर्षे या प्रवेशाच्या मागे फिरलो. तिचा अनुभव तुमच्यापुढे ठेवतो. तिचे नाव घेत नाही, कारण तिने तसे सांगितले आहे.

आपण परळच्या आसपासची माणसे. गिरण्यांच्या मधोमध १९२६ साली जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम हॉस्पिटल उभे राहिले. साच्यात बोट सापडले, छातीत कापसाची धूळ बसली, की आपले लोक तिथेच जायचे. ओपीडीची रांग आपल्याला तोंडपाठ. त्याच गेटातून आपले पोर विद्यार्थी म्हणून आत जावे, ही इच्छा काही वेगळी सांगायला नको.

मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. बाप सिक्युरिटीत, आई दोन घरची कामे करते. बारावीला सायन्स घेतले आणि नीटला बसली. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यातले निम्मे जीवशास्त्राचे, बाकीचे भौतिक आणि रसायनशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराला एक वजा. २०२५ साली देशभरातून २२ लाखांहून जास्त मुले बसली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. पहिल्या वर्षी ती पात्र ठरली. घरात पेढे वाटले. पण ‘पात्र’ म्हणजे ‘प्रवेश’ नव्हे. जागा काही मिळाली नाही. नातेवाईक म्हणाले, नर्सिंगला टाका, नाहीतर लग्नाचे बघा. आई मात्र म्हणाली, “एक वर्ष अजून जाऊ दे, मी एक घर जास्त धरते.” त्या एका वाक्यावर ती मुलगी दुसऱ्या वर्षी बसली.

आता खरा मुद्दा सांगतो, तो कागदांचा. लोकांना वाटते, नीटचा फॉर्म भरला की झाले. तसे नाही. निकालानंतर पुन्हा फॉर्म भरायचे. सरकारी कॉलेजातल्या १०० जागांतल्या १५ जागा दिल्लीहून भरतात, ८५ आपल्या राज्याचा सीईटी सेल भरतो. दोन्हीकडे वेगळी नोंदणी, वेगळ्या तारखा. दिल्लीच्या कोट्यात अनुसूचित जातीला १५ टक्के, राज्याच्या कोट्यात १३ टक्के. आणि दोन्हीकडे जातीचा दाखला लागतो, पण एकसारखा नाही.

इथे आपल्या लोकांचे घोडे अडते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या बापजाद्यांनी शाळेत पोरांची नावे घालताना अभिमानाने ‘बौद्ध’ लिहिले. फार मोठे काम केले त्यांनी. १९६० साली महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी कायदा बदलला आणि अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना केंद्रानेही मानले. तरी केंद्राच्या यादीत जातीचे नाव लागते. नुसते ‘बौद्ध’ लिहिलेला कागद दाखवला की समोरचा म्हणतो, “बौद्ध हा धर्म आहे, जात सांगा.” एका कार्यालयात हे वाक्य आम्ही तीन वेळा ऐकले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, “काका, जी जात आपण टाकली तीच पुन्हा लिहून द्यायची का?”

मी तिला सांगितले, बाई, मनातून टाकलेली जात कागदावर लिहिल्याने परत येत नाही. सवलत ही भीक नाही. हजारो वर्षे जे बंद ठेवले त्याची ती भरपाई आहे, आणि भरपाई मागताना नुकसानीचा पुरावा द्यावाच लागतो.

पुरावा तरी कुठला? अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात. त्या दिवशी आपले पूर्वज कुठे राहत होते, त्यांची जात काय, हे दाखवायचे. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’. आजोबांच्या शाळेचे रजिस्टर वाळवीने खाल्लेले. मग गाव गाठले. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, १९४५ सालची आजोबांच्या जन्माची नोंद सापडली. मोडीत होती, ती वाचून घ्यावी लागली. त्यात पणजोबांचे नाव आणि पुढे जात. शिवाय जमिनीच्या जुन्या उताऱ्यावर महार वतनाचा शेरा. ज्या वतनाच्या गुलामीतून सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले, त्याच वतनाचा शेरा आज पणतीला डॉक्टर व्हायला उपयोगी पडला! वंशावळीचे शपथपत्र केले, प्रकरण पडताळणी समितीकडे गेले आणि प्रवेशाची तारीख आठवड्यावर असताना व्हॅलिडिटी हातात आली. त्या आठ महिन्यांत मुलीने अभ्यास किती केला आणि धास्ती किती घेतली, हे तिच्या आईला विचारा.

दुसऱ्या वर्षी तिला मुंबईबाहेरच्या सरकारी कॉलेजात जागा मिळाली. साडेचार वर्षे शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, मग बाँडप्रमाणे एक वर्ष सरकारी सेवा. बाँड मोडला तर दहा लाख दंड. तिला त्याची फिकीर नाही. म्हणते, “खेड्यातच पाठवा, कोतवाल बुक वाचायला शिकलेय मी.”

आता मेरिटबद्दल दोन शब्द. कॉलेजात पहिल्याच महिन्यात तिला कुणीतरी विचारले, “कुठल्या कॅटेगरीतून आलीस?” बंधूंनो, २०२५ साली खुल्या प्रवर्गाची पात्रता ७२० पैकी १४४ गुणांवर थांबली. म्हणजे तेवढे गुण आणि खिशात भरपूर पैसा असेल, तर खासगी कॉलेजात पैशाच्या जागेचा रस्ता उघडा. त्याला कुणी मेरिट विचारत नाही. आणि आत गेल्यावर परीक्षा सगळ्यांना एकच, पास व्हायचे गुणही एकच.

जुने गिरणीवाले जाणतात. तुटलेले सूत धोट्यातून तोंडाने ओढावे लागे, म्हणून आपल्या लोकांना विणाई खात्यात घेत नसत. तिथे पगार जास्त, आपण कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना याचा जाब विचारला. विणाई खात्याचे दार तेव्हा विटाळाने बंद होते, आज मेडिकलचे दार फीने आणि कागदांनी अर्धे लोटलेले असते. आणि आत गेल्यावरही सावध राहावे लागते. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर मुलीने जीव दिला. सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला दाखल झाला. म्हणून आपली पोर हॉस्टेलला गेली की काम संपले असे समजू नका. दर आठवड्याला फोन करा. मार्क विचारू नका, जेवलीस का, कुणी त्रास देतो का, हे विचारा.

शेवटी समितीला आणि तुम्हाला माझी विनंती आहे. पोर अकरावीला गेले की त्याच वर्षी व्हॅलिडिटीचा अर्ज करा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. घरात वडिलांकडच्या एकाची व्हॅलिडिटी झाली असेल तर तिची नक्कल जपून ठेवा, पुढच्यांचे काम हलके होते. गावी जत्रेला, लग्नाला जाता तेव्हा एक दिवस तलाठ्याकडे आणि शाळेत घाला. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरा, उत्पन्न मर्यादेबाहेर असेल तर फ्रीशिप असते. कॉलेजांचे पसंतीक्रम टाकताना मनातले कॉलेज आधी लिहा, ‘हे मिळणार नाही’ म्हणून खाली टाकू नका.

दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल मांडू. ज्यांना इंग्रजी येते त्यांनी दोन तास द्यावेत. कागद शोधायला गावोगाव फिरायचे काम माझ्याकडे द्या. गिरणी बंद झाली, पण पाय अजून चालतात. यंदा बारावी सायन्सला असलेल्या मुलांची नावे आजच सभा संपल्यावर लिहून द्या.

जयभीम, नमो बुद्धाय.