नव्वद विजयांचा हिशेब

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या मुलांचं भवितव्य'. मी म्हटलं, त्यावर बोलणारे आता दर चौकात भेटतात. एकोणीस वर्षं मी सिॲटलला राहतेय, आणि तिथे ऑफिसच्या कामाइतकंच मला आणखी एका गोष्टीनं छळलंय, त्यावर बोलू का? ते म्हणाले, पावसावर? मी म्हटलं, नाही, बेसबॉलवर. फोन कट झालाय की काय असं वाटण्याइतकी शांतता पसरली. मग म्हणाले, "बोल बाई, पण आटोपशीर. नंतर जेवण आहे."

आपल्यापैकी बऱ्याच जणांना बेसबॉल म्हणजे सिनेमातले गुंड हातात घेऊन फिरतात ती बॅट, एवढंच माहीत. तर थोडक्यात सांगते. गोलंदाज म्हणजे पिचर. चेंडूला टप्पा पडत नाही. तीन गडी बाद झाले की डाव संपला, आणि प्रत्येक संघाला असे नऊ डाव. बरोबरी झाली तर दहावा, मग अकरावा, निकाल लागेपर्यंत. अनिर्णित ठेवायची सोयच नाही. चेंडू थेट मैदानाबाहेर मारला तर होमरन. एवढं पुरे. खरी गंमत वेळापत्रकात आहे. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत एक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. आयपीएलच्या साखळीत संघाला १४ सामने असतात, तेवढ्यात आपल्याला धाप लागते. या १६२ मधले साठएक सामने उत्तम संघसुद्धा हरतो. त्यामुळे हरणं ही काही मोठी घटना नसते. भाजीत मीठ कमी पडण्यासारखं ते असतं, उद्या पुन्हा भाजी आहेच.

आमचा संघ सिॲटल मरिनर्स, म्हणजे दर्यावर्दी. स्थापना १९७७. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. त्यांतले २९ कधी ना कधी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम लढत, खेळलेले आहेत. सगळे जिंकले नसतील, पण तिथवर पोचले. उरलेला एक संघ आमचा.

तो नेहमीच वाईट होता असंही नाही. २००१ मध्ये या संघानं ११६ सामने जिंकले आणि १९०६ सालच्या शिकागो कब्जच्या विक्रमाची बरोबरी केली. मग वर्ल्ड सिरीजच्या उंबरठ्यावर न्यूयॉर्क यांकीजनी त्यांना पाच सामन्यांत गुंडाळलं. त्यानंतर सलग वीस हंगाम प्लेऑफसुद्धा नाही. मी तिकडे गेले २००६ साली. पंगतीत शेवटची जिलबी वाढून झाल्यावर पोचावं, तसं.

त्या वीस वर्षांत वाढप अगदीच रिकामं नव्हतं. इचिरो सुझुकीला मी मैदानात बसून पाहिलंय. त्यानं २००४ मध्ये एका हंगामात २६२ हिट्स मारल्या, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. जुलै २०१२ मध्ये संघानं त्याला यांकीजना देऊन टाकलं, आणि तेसुद्धा यांकीज आमच्याच मैदानावर खेळायला आलेले असताना. एका खोलीतून उठून तो समोरच्या खोलीत गेला, कपडे बदलले आणि त्याच संध्याकाळी आमच्याविरुद्ध खेळायला उतरला. उतरल्यावर हेल्मेट काढून प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. सासरी निघालेल्या मुलीसारखं सगळं स्टेडियम गलबललं होतं.

आणि फेलिक्स हर्नांडेझ. २०१० मध्ये त्याला अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम पिचर म्हणून साय यंग पुरस्कार मिळाला. त्या वर्षी त्याच्या नावावर विजय १३ आणि पराभव १२, कारण संघ १०१ सामने हरला होता. तो जीव तोडून समोरच्यांना रोखायचा आणि आमचे फलंदाज धावाच करायचे नाहीत. १५ ऑगस्ट २०१२ ला त्यानं समोरच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना ओळीनं बाद केलं, एकालाही पहिल्या टप्प्यापर्यंत पोचू दिलं नाही. याला परफेक्ट गेम म्हणतात, आणि संघाच्या इतिहासात तो एकच आहे. त्या दिवशी आमच्या फलंदाजांनी त्याला धावा किती काढून दिल्या असतील? एक. १५ हंगाम तो याच संघात राहिला आणि प्लेऑफचा एकही चेंडू न टाकता गेला.

पण माझं मत विचाराल तर वाईट संघ सोसायला सोपा असतो. बाहेरचं खाणं स्टेडियममध्ये न्यायला परवानगी आहे, म्हणून आम्ही थालीपीठं बांधून न्यायचो. बाजूच्या रुळांवरून मालगाड्या भोंगे देत जायच्या, हवा गार असायची, मुलं पेंगायची. हरले तर हरले. त्रास सुरू झाला तो २०२१ पासून, संघ चांगला झाल्यावर.

त्या वर्षी ९० सामने जिंकले. प्लेऑफ हुकलं दोन सामन्यांनी. २०२२ मध्ये पुन्हा ९०, आणि या वेळी आत. ३० सप्टेंबरच्या रात्री कॅल रॅले नावाच्या आमच्या कॅचरनं शेवटच्या डावात होमरन मारला आणि वीस वर्षांचा उपास सुटला. २०२३ मध्ये ८८ जिंकले, एका सामन्यानं बाहेर. २०२४ मध्ये ८५, पुन्हा एका सामन्यानं बाहेर. त्या वर्षी १८ जूनला आम्ही गटात दहा सामन्यांनी पुढे होतो. महिनाभरात ती आघाडी संपली. पिचिंग देशात अव्वल, आणि फलंदाज मात्र बॅटनं वारा घालताहेत. ऑगस्टमध्ये प्रशिक्षकाला घरी पाठवलं. आणि २०२५ मध्ये? पुन्हा ९०, पण या वेळी २००१ नंतर पहिल्यांदा गटात पहिले.

आता मी पेशानं सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे मला हे आकडे गप्प बसू देत नाहीत. ९०, ९०, ८८, ८५, ९०. सगळं सिॲटल या संघाला बेभरवशाचा म्हणतं, मीही म्हणते. पण वर्षाच्या बेरजेत बघा, यांच्यासारखं सातत्य सापडायचं नाही. आज १३ धावा खातील, उद्या १–० नं जिंकतील, परवा हातातला सामना घालवतील, आणि सप्टेंबरअखेर पुन्हा ९० च्या आसपास हजर! आणि त्या ९० ची किंमत दर वर्षी वेगळी. एकदा शून्य, एकदा प्लेऑफ, एकदा गटाचं विजेतेपद. ती ठरते बाकीचे किती जिंकले यावर, आणि आपण कुठल्या दिवशी हरलो यावर.

आमच्या कामात हे रोज दिसतं. सर्व्हर वर्षभरात किती टक्के वेळ चालू होता याचा अहवाल आम्ही अभिमानानं दाखवतो. ग्राहक विचारतो, ते ठीक आहे हो, पण दिवाळीच्या खरेदीच्या दिवशी बंद का पडला?

२०२३ चा हंगाम संपल्यावर संघाचा कारभार बघणाऱ्या प्रमुखांनी पत्रकारांपुढे असाच एक अहवाल ठेवला. दहा वर्षं सरासरी ५४ टक्के सामने जिंकत राहा, वर्ल्ड सिरीज गाठता येते, असा त्यांचा मुद्दा होता. वर असंही म्हणाले की, धीर धरायला सांगून आम्ही चाहत्यांवर एक प्रकारे उपकारच करतोय. गावात भडका उडाला. नंतर त्यांनी माफी मागितली. मी हिशेब करून पाहिला. २०२१ ते २०२५ मिळून ८१० पैकी ४४३ विजय, म्हणजे ५४.७ टक्के. माणूस गणितात चुकला नव्हता. पण दहा वर्षांची सरासरी काढायला हातात दहा वर्षं असावी लागतात.

माझ्या शेजारी एक बाई राहतात, वय ८४. किंगडोम नावाचं जुनं, काँक्रीटच्या घुमटाचं स्टेडियम होतं, तेव्हापासूनच्या त्या प्रेक्षक. अजून प्रत्येक सामना ऐकतात किंवा बघतात, आणि पेन्सिलीनं वहीत एकेक चेंडूचा निकाल लिहितात. त्यासाठी बेसबॉलची स्वतःची खुणांची भाषा आहे. २०२२ च्या शरद ऋतूत माझे बाबा तिकडे आले होते. ते आज इथे मागे बसलेत, आणि आपल्या गावातल्या सामन्यांना ते स्कोअरर असायचे हे तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. या दोघांची दोस्ती त्या वहीवरून झाली. बाबांना बेसबॉल येत नव्हतं, त्यांना क्रिकेट माहीत नव्हतं. पण रकाने दोघांनाही कळत होते.

त्या वर्षी १५ ऑक्टोबरला एकवीस वर्षांनी आमच्या मैदानावर प्लेऑफचा सामना झाला, ह्यूस्टनशी. हरलो तर हंगाम संपणार होता. शेजारच्या बाईंच्या दिवाणखान्यात आम्ही दुपारी एकला बसलो. नऊ डाव झाले, ०–०. बारा झाले, ०–०. तेराव्याला बाबांनी चहा टाकला, सोळाव्याला पुन्हा टाकला. मध्येच म्हणाले, "अगं, एवढ्या माणसांत एकाला एक धाव काढता येऊ नये?" बाईंनी मला विचारलं, काय म्हणताहेत? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, मी १९७७ पासून हेच विचारतेय." अठराव्या डावात ह्यूस्टनच्या पेन्यानं होमरन मारला आणि आम्ही १–० नं हरलो. सहा तास बावीस मिनिटं. बाईंच्या वहीत रकाने संपले होते. बाबांनी पट्टीनं आखून दिले.

आपली पिढी या बाबतीत तयार झालेली आहे म्हणा. मार्च १९९६, ईडन गार्डन्सची उपांत्य फेरी आठवा. आपण नववीत होतो. सचिन यष्टिचीत झाला तेव्हा धावफलक होता २ बाद ९८, आणि बघता बघता ८ बाद १२०. आपल्यातल्या किती घरांत त्यानंतर टीव्ही बंद केला गेला! तो संघही असाच होता, आज जगज्जेत्यांना हरवेल आणि परवा कुणाकडूनही हरेल. त्यामुळे मरिनर्स मला परके वाटले नाहीत. फक्त तेव्हा चिडायला वर्षाचे तीसेक दिवस असायचे, आता १६२ असतात.

२०२५ बद्दल सांगितल्याशिवाय मला बसवणार नाही. रॅलेनं एका हंगामात ६० होमरन मारले. कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षक, दिवसभर उकिडवं बसणारा माणूस. त्यांच्यात आधीचा विक्रम ४८ चा होता. (त्याचं टोपणनाव फार प्रसिद्ध आहे, पण ते सरांसमोर उच्चारता येणार नाही.) १० ऑक्टोबरला डेट्रॉइटला पंधराव्या डावात हरवलं. मग टोरोंटोशी सात सामन्यांची मालिका. त्यांच्या घरी जाऊन पहिले दोन जिंकलो. आपल्या घरी येऊन पुढचे दोन हरलो, एक १३–४ आणि एक ८–२. पाचव्यात आठव्या डावापर्यंत मागे. रॅलेनं बरोबरी केली आणि युहेनियो सुआरेझनं तीन गडी तळांवर असताना होमरन मारला. या सुआरेझला २०२३ मध्ये खर्च आवरताना यांनीच घालवलं होतं आणि जुलैमध्ये परत आणलं होतं. आता एक विजय हवा होता. सहावा सामना हरलो.

सातवा सामना, २० ऑक्टोबर. सातव्या डावात आम्ही ३–१ नं पुढे. वर्ल्ड सिरीजपासून फक्त आठ गडी दूर. तळांवर त्यांचे दोघं. आमचा सर्वात भरवशाचा पिचर मुन्योज शेवटच्या डावासाठी राखून ठेवला होता, म्हणून चेंडू बझार्दोकडे. जॉर्ज स्प्रिंगरनं होमरन मारला. ४–३. पुढे काहीच झालं नाही. मुन्योजला तेव्हाच का आणलं नाही, यावर आमच्या ऑफिसात अजून जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडतात. मी आणायला हवं होतं या तटात आहे. शेवटच्या डावासाठी राखलेला माणूस, तो डाव आधीच आला तर काय कामाचा?

दुसऱ्या दिवशी मी शेजारी डोकावले. वही टेबलावर उघडी होती. स्प्रिंगरचा रकाना भरलेला होता, त्यानंतरचेही सगळे भरलेले होते, हूलिओ रोद्रिगेझ बाद झाला तो शेवटचासुद्धा. अक्षर कुठेही हललेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "वही संपली." एवढंच. मग आम्ही त्यांच्या गुडघ्याच्या डॉक्टरांबद्दल बोललो.

आता हिवाळ्यात नेहमीची उलथापालथ चाललीय. नेलर पाच वर्षांसाठी राहिला, पोलान्को न्यूयॉर्कला गेला, सुआरेझचा करार पुन्हा संपला. पिचर बहुतेक तेच आहेत. माझा अंदाज पुन्हा ९० चा आहे, दोन इकडे किंवा दोन तिकडे. मार्चअखेर पहिला सामना आमच्याच मैदानावर आहे आणि तिकिटं काढलीत, बाईंच्या खुर्चीला उतरंड पडणार नाही अशा रांगेतली.

येताना त्यांनी मला एक काम सांगितलंय. बाबांनी तेव्हा नेलेली आपल्याकडची दोनशे पानी वही त्यांना फार आवडली होती, तशी एक हवीय. एका पानावर एक सामना. साखळीचे १६२, आणि प्लेऑफमध्ये पार शेवटपर्यंत गेलं तर जास्तीत जास्त २२. मी मोजून ठेवलंय, पानं पुरतात. उद्या बाजारात जाऊन घेणार आहे.