पडवीतली तालीम

घरात व्यायामाची जागा कशी करायची, हे आज आम्ही सांगणार आहोत. आम्ही म्हणजे तालुक्याच्या गावातल्या, एकाच गल्लीतल्या सात जणी. धाकटी ३४ वर्षांची, थोरली ६१ची. गावात तालीम आहे. तिथे पोरं जोर-बैठका मारतात, मुद्गल फिरवतात. बायकांनी तिथे जायची रीत नाही. स्टँडजवळ जिम निघाली आहे, पण बायकांची वेळ दुपारी ११ ते १. तेव्हा आमच्यातली एक अंगणवाडीत असते, दोघी रानात, बाकीच्या चुलीपुढे. ही वेळ कुणी ठरवली असेल, ते तुम्हीच ओळखा. म्हणून आम्ही एकीच्या घरामागच्या पडवीत, नऊ बाय सात फुटांत, आमचीच तालीम मांडली.

पहिला प्रश्न सगळ्या विचारतात. दिवसभर राबतोच की, मग वेगळा व्यायाम कशाला? भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो, तो आपण ओढतोच. घागर उचलतो, पिठाचा डबा उचलतो. पण घागर कायम एकाच कमरेवर बसते. कंबर वाकते ती वाकलेलीच राहते. आणि मुख्य म्हणजे कामाचं वजन आपण ठरवत नाही. अंग शिणलं म्हणून हंडा हलका होत नाही. व्यायामात दोन्ही बाजूंना सारखं वजन येतं, ते हळूहळू वाढतं आणि मधे विसावा असतो. पाळी जाते त्या सुमाराच्या काही वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात, स्नायू तर त्याच्या आधीपासूनच उतरायला लागलेले असतात. त्यांना ताण दिला तर ते टिकतात. नुसत्या चालण्याने पाय चालतात, पण दंड, पाठ, खांदे तसेच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२०च्या सूचनांत चालण्याबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितला आहे.

आता जागा. एका माणसाला सहा फूट लांब आणि चार फूट रुंद पुरते: आडवं पडता आलं पाहिजे, दोन्ही हात पसरता आले पाहिजेत. हातात बाटली धरून हात सरळ वर करा आणि पंखा किती दूर राहतो ते बघा. पडवीचं छप्पर उतरतं असतं, म्हणून आम्ही उभ्याने करायचे व्यायाम भिंतीच्या उंच बाजूला ठेवले, बसून-झोपून करायचे उतरत्या बाजूला. खाली शहाबादी फरशी आहे, पावसाळ्यात तिला ओल सुटते. तिच्यावर चटई किंवा गोधडी टाकू नका, ती पायाखालून सरकते. एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन मिळतात, दोन फुटांचे. सहा चौकोनांत सहा बाय चारची जागा होते. दर पंधरा दिवसांनी ते उचलून खालची फरशी कोरडी करा, नाहीतर बुरशी धरते.

वजनं आम्ही विकत आणली नाहीत. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो. त्याच बाटलीत कोरडी वाळू ठासून भरली की दीड किलोच्या आसपास जाते. खाद्यतेलाचा पाच लीटरचा रिकामा कॅन पाण्याने पाच किलोचा होतो, वाळूने आठच्या जवळ. दोन्ही हातांतल्या बाटल्या सारख्या हव्यात, म्हणून किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून घेतल्या आणि वर रंगाने आकडे लिहिले. दुकानदार हसला, पण तोलून दिलं. झाकणाला चिकटपट्टी गुंडाळा. डोक्यावर धरलेल्या बाटलीतून वाळू डोळ्यात यायला नको. विकत घेतले ते फोमचे चौकोन आणि रबराचे दोन पट्टे. पट्टा खिडकीच्या गजाला बांधून आपल्याकडे ओढला की पाठ सरळ होते. आधी गज हलवून बघा, भिंतीत पक्का आहे ना. पट्टा उन्हात ठेवलात तर रबराला चिरा पडतात आणि तो ओढताना तुटतो. सगळा खर्च अडीच हजारांच्या आत बसला. चालायचं मशीन मात्र घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. रस्ता फुकट आहे, आणि आम्ही पाहिलेल्या दोन्ही मशीनांवर आता कपडे वाळतात.

सगळ्यांत कामाची वस्तू म्हणजे खुर्ची. लाकडी, हातांशिवायची, पाठ भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची सरकते. तिच्यावर बसायचं, हात छातीवर बांधायचे आणि हात न टेकता उठायचं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तपासणीत ही उठबस ३० सेकंदांत किती वेळा होते ते मोजतात. ७० ते ७४ वयाच्या बाईची दहापेक्षा कमी झाली, तर तिला पडण्याचा धोका जास्त धरतात. ज्यांची पडवी, त्यांच्या सासूबाई ७२ वर्षांच्या. पहिल्या दिवशी सात झाल्या. चार महिन्यांनी अकरा. आता त्या संडासात भिंत धरत नाहीत, आणि हे आम्हाला त्यांनीच तोंड भरून सांगितलं.

उठबस, भिंतीवरचे जोर, पट्टा ओढणं, बाटल्या वर नेणं, पाठ सरळ ठेवून कॅन उचलणं, टाचा उचलणं. प्रत्येक आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा सहज व्हायला लागले की वाळू वाढवायची. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. रक्तदाब असेल तर हे फारच सांभाळा. साडी असेल तर निऱ्या वर खोचा, मंगळसूत्र आत टाका. आणि एक गोष्ट बायका बोलत नाहीत म्हणून आम्ही बोलतो. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, किंवा खोकताना-शिंकताना लघवी होत असेल, तर वजन उचलण्याआधी डॉक्टरांना दाखवा. त्यावर वेगळे व्यायाम आहेत, लाजून बसू नका. पोटाचं ऑपरेशन नुकतं झालेल्यांनीही विचारूनच सुरू करा.

खरी लढाई मात्र सामानाशी आहे. मोकळी जागा घराला बघवत नाही. पहिल्या महिन्यात पडवीत दोन सायकली आल्या, मग कांद्याची पोती, मग कुणाच्या तरी लग्नातल्या उरलेल्या खुर्च्या. दरवेळी अर्धा तास सामान हलवायचं म्हटलं की व्यायाम बुडतो, आणि बुडालेला व्यायाम आपल्याच माथी आळस म्हणून लागतो. शेवटी आम्ही फरशीवर ऑइलपेंटने सहा बाय चारची रेघ मारली. रेघेच्या आत काही ठेवायचं नाही, दिवाळीचा फराळसुद्धा नाही. घरधन्यांनी विचारलं, मग कांदे कुठे ठेवू? सासूबाई म्हणाल्या, माळ्यावर चढव, तेवढाच तुझा व्यायाम. त्या दिवसापासून कांदे माळ्यावर आहेत.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणींनी निरोप पाठवला की आमचं घर एका खोलीचं, पडवी कुठून आणू? त्यांनी दाराच्या मागे एक भक्कम खिळा ठोकावा, त्याला पिशवी अडकवावी. पिशवीत दोन बाटल्या आणि पट्टा. खुर्ची घरात असतेच. जोर भिंतीवर होतात. सकाळची अंथरुणं उचलली की जी जागा मोकळी होते, ती पंधरा मिनिटं तुमची, आणि तेवढ्या वेळात चहा कुणीतरी दुसऱ्याने ठेवावा. पिशवीचा बंद दुहेरी शिवून घ्या, वाळूने तो तुटतो.